समुद्राचा हिशेब हजार वर्षांचा, आमचा करार अकरा महिन्यांचा

मागणीपत्र

प्रति,
मा. सचिव,
पृथ्वी विज्ञान मंत्रालय, भारत सरकार, नवी दिल्ली

प्रत माहितीसाठी : मा. मत्स्यव्यवसाय आयुक्त, महाराष्ट्र राज्य, मा. संचालक, मत्स्योद्योग संचालनालय, गोवा

विषय : हवामान मॉडेलांतील अरबी समुद्राचे जैवभूरसायन आणि कार्बनचक्र – मोजमापे, मनुष्यबळ व संगणकवेळ यांबाबत आठ मागण्या

महोदय,

पश्चिम किनाऱ्यावरची पावसाळी मासेमारीबंदी ३१ जुलैला संपते. नारळी पौर्णिमेच्या आगेमागे होड्या पाण्यात उतरतात. नेमक्या याच दिवसांत कोकण-गोव्यासमोरच्या उथळ समुद्रात तळाच्या पाण्यातला ऑक्सिजन संपत आलेला असतो. गोव्यात कांदोळीसमोर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे वैज्ञानिक १९९७ पासून ठरलेल्या जागी जाऊन पाणी तपासत आले आहेत. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिथल्या तळाशी ऑक्सिजन शून्यावर येतो. अनेक वर्षी पुढची पायरीही गाठली जाते, म्हणजे हायड्रोजन सल्फाइड तयार होतो आणि नमुन्याच्या बाटलीचे बूच काढताच सडक्या अंड्यांचा वास येतो. जगाचे पुढच्या शंभर वर्षांचे हवामान वर्तवणाऱ्या बहुतेक मॉडेलांपर्यंत हा वास पोचलेला नाही.

आम्ही पश्चिम किनाऱ्यावरील सागरी संशोधन प्रकल्पांत काम करणारे संशोधक, तंत्रज्ञ आणि विद्यार्थी आहोत. कोणी जहाजावर बाटल्या भरतो, कोणी प्रयोगशाळेत नायट्रेट मोजतो, कोणी मॉडेलचा कोड दुरुस्त करतो. आमच्या संघटनेच्या सर्वसाधारण सभेने संमत केलेल्या मागण्या कारणांसह पुढे मांडत आहोत. सगळ्यांच्या मुळाशी म्हणणे एकच आहे. संगणक विकत घेता येतो, आणि देशाने तो घेतलाही. वीस-तीस वर्षांची अखंड मोजमापे आणि ती समजणारी माणसे विकत मिळत नाहीत. ती सांभाळावी लागतात.

भाग १ : हा विषय मंत्रालयाच्या टेबलावर का असावा

माणसाने हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे चौथा हिस्सा समुद्र दरवर्षी शोषून घेतो. हे काम तो फुकट करतो, त्यामुळे ते कायम चालेल असे आपण गृहीत धरले आहे. रसायनशास्त्र मात्र तसे सांगत नाही. पाण्यात विरघळलेला कार्बन बहुतांशी बायकार्बोनेटच्या रूपात असतो. हवेतून आलेला नवा वायू त्या रूपात जाण्यासाठी कार्बोनेट खर्च होते, आणि कार्बोनेटचा साठा अमर्याद नाही. रॉजर रेव्हेल आणि हान्स स्यूस यांनी १९५७ मध्ये हा अडसर दाखवून दिला. हवेतला कार्बन डायऑक्साइड दहा टक्क्यांनी वाढला, तर वरच्या पाण्यातला एकूण विरघळलेला कार्बन जेमतेम एक टक्क्याने वाढतो. कार्बोनेट जसजसे सरत जाईल तसतसा हा हिशेब आणखी कडक होईल. दरम्यान पृष्ठभागाच्या पाण्याचा सामू औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या ८.२ वरून ८.१ वर आला आहे. आकडा किरकोळ दिसतो, पण मोजपट्टी लॉगरिदमिक असल्याने आम्लता सुमारे २६ टक्क्यांनी वाढली असा त्याचा अर्थ होतो.

दुसरा भाग जीवशास्त्राचा. वनस्पतिप्लवक कार्बन खाऊन वाढते, प्राणिप्लवक त्याला खाते, आणि मेलेले जीव व विष्ठा खाली बसतात. हा ‘जैविक पंप’ थांबला तर हवेतला कार्बन डायऑक्साइड आजच्यापेक्षा दीड-दोनशे पीपीएमने वाढेल, असे अंदाज आहेत. म्हणून हवामान मॉडेलात वारा, पाऊस, तापमान एवढेच घालून भागत नाही. डोळ्यांना न दिसणारे शेवाळही घालावे लागते.

ते घातले की उत्तरे किती बदलतात, हे २००६ मध्ये दिसले. कार्बनचक्र जोडलेली ११ मॉडेले एकाच कसोटीवर ताडून पाहिली गेली. तापमानवाढीने जमीन आणि समुद्र यांची शोषणशक्ती घटेल, याबद्दल सगळ्यांचे एकमत होते. त्या घटीमुळे २१०० पर्यंत हवेत जादा साचणारा कार्बन डायऑक्साइड एका टोकाच्या मॉडेलात २० पीपीएम होता, तर दुसऱ्या टोकाच्या मॉडेलात २००. या दहापट फरकाच्या पोटात देशांची उत्सर्जनाची अंदाजपत्रके बसलेली आहेत. भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे वचन २०२१ मध्ये ग्लासगोला दिले. त्या वचनाचा हिशेब तपासण्यासाठी दुसऱ्या देशांच्या मॉडेलांवर विसंबून राहणे परवडणारे नाही.

भाग २ : अरबी समुद्र मॉडेलात कुठे चुकतो

पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेने देशाचे पहिले पृथ्वीप्रणाली मॉडेल उभे केले आणि हवामान मॉडेलांच्या आंतरराष्ट्रीय तुलना-प्रकल्पाच्या सहाव्या फेरीत ते उतरवले. त्यात समुद्राचे जैवभूरसायनही आहे. या कामाचा आम्हाला अभिमान आहे. पुढच्या उणिवा एकट्या त्या मॉडेलच्या नाहीत. जगभरच्या मॉडेलांची ही सामाईक अडचण आहे. पण अरबी समुद्र आपल्या दारात आहे, म्हणून त्या दूर करण्याची पहिली जबाबदारीही आपली.

पहिली अडचण जाळीची. त्या फेरीतल्या बऱ्याच मॉडेलांत समुद्राचा एक चौकोन साधारण एक अंशाचा, म्हणजे सुमारे ११० किलोमीटरचा होता. रत्नागिरीपासून मालवणपर्यंतची किनारपट्टी अशा चौकोनाच्या एका बाजूवर मावते. तिच्यासमोरचा उथळ समुद्र त्याच चौकोनात बुडून जातो. पावसाळ्यात तळचे थंड, ऑक्सिजन कमी असलेले पाणी किनाऱ्याकडे वर सरकते. त्यावर नद्यांच्या आणि पावसाच्या गोड्या पाण्याचा पातळ पापुद्रा बसतो आणि झाकणाचे काम करतो. हा पापुद्रा पाच-दहा मीटरांचा असतो. अनेक मॉडेलांत सर्वांत वरचा थरच दहा मीटर जाडीचा आहे. पापुद्रा दिसणार कसा, आणि झाकणाखाली काय शिजते ते कळणार कसे?

दुसरी अडचण खोल पाण्याची. अरबी समुद्रात साधारण दीडशे-दोनशे मीटरपासून हजार मीटरपर्यंत ऑक्सिजन अत्यल्प असलेला मोठा पट्टा आहे. खुल्या समुद्रात नायट्रेटचे नत्रवायूत रूपांतर मोठ्या प्रमाणावर होते असे जगात तीनच भाग आहेत. दोन पॅसिफिकच्या पूर्वेला आहेत, तिसरा हा. बंगालच्या उपसागरातही ऑक्सिजन कमी आहे, पण ही प्रक्रिया तिथे अरबी समुद्राइतकी पेटत नाही. शेजारच्या दोन समुद्रांतला हा फरक अनेक मॉडेलांना नीट दाखवता येत नाही. काही मॉडेले तर उपसागरालाच अधिक ऑक्सिजनहीन ठरवतात.

तिसरी अडचण उसन्या आकड्यांची. खाली बसणारा सेंद्रिय कार्बन किती खोलीवर किती उरतो, यासाठी अनेक मॉडेले १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका सूत्रावर चालतात. त्याचा ०.८५८ हा घातांक ईशान्य पॅसिफिकमधल्या मोजमापांतून आला. आपल्याकडचे पाणी वेगळे आहे. ऑक्सिजनअभावी कुजणे मंदावते, मोसमी वाऱ्याबरोबर वाळवंटातली धूळ येऊन कण जड होतात, आणि वर्षभराची बरीच कमाई दोन मोसमांत होते. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने जर्मन वैज्ञानिकांबरोबर १९८६ पासून अरबी समुद्रात खोलवर गाळ गोळा करणारे सापळे लावले होते. खाली पडणारा माल मोसमी वाऱ्यांच्या तालावर वाढतो-घटतो, हे आर. आर. नायर आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवले. आकडे आपल्या घरात असताना मॉडेल पॅसिफिकच्या आकड्यावर चालते.

चौथी अडचण दिशेची. उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात पाणी हिरवे करणारा आणि रात्री लाटांना निळी चमक देणारा नॉक्टिल्युका हा जीव गेल्या वीसेक वर्षांत फोफावला आहे. तो स्वतःच्या पोटातल्या शेवाळावरही जगतो आणि इतरांना खातोही. नेहमीचे प्राणिप्लवक त्याला फारसे खात नाही. मॉडेलांत प्लवकांचे गट मोजकेच असतात आणि हा दुटप्पी जीव कोणत्याच गटात धड बसत नाही. वनस्पतिप्लवकाबाबतही असेच. २००५ च्या एका गाजलेल्या अभ्यासाने पश्चिम अरबी समुद्रात उत्पादकता वाढत असल्याचे म्हटले. २०१६ मध्ये रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी पश्चिम हिंद महासागरात सहा दशकांत २० टक्क्यांपर्यंत घट दाखवली. पुढच्या शतकासाठी काही मॉडेले वाढ सांगतात, काही घट. तारली आणि बांगडा ज्या अन्नावर जगतात ते वाढणार की घटणार, याचे उत्तर आज कोणतेही एक मॉडेल छातीठोकपणे देऊ शकत नाही.

भाग ३ : मागण्या

मागणी १. पश्चिम किनाऱ्यासाठी बारीक जाळीचे जोड-मॉडेल. जागतिक मॉडेलच्या पोटात कन्याकुमारी ते कच्छ या पट्ट्यासाठी काही किलोमीटरांच्या जाळीचे मॉडेल बसवावे. त्याचे वरचे थर एक-दोन मीटरांचे असावेत, आणि नद्यांचे पाणी व त्याबरोबर येणारी पोषकद्रव्ये महिनावार घालावीत. भाताच्या खाचरांतून आणि शहरांच्या गटारांतून येणारा नत्र धरल्याशिवाय किनाऱ्याचा ऑक्सिजन वर्तवता येणार नाही. वाजिह नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये दाखवले की या उथळ पट्ट्यातून नायट्रस ऑक्साइड मोठ्या प्रमाणात हवेत जातो. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापवतो. किनाऱ्याचा प्रश्न म्हणजे केवळ मासळीचा प्रश्न असे समजू नये.

मागणी २. मोजमापांची अखंडता. कांदोळीसारखी कायमस्वरूपी स्थानके रत्नागिरी, मुंबई आणि कोचीसमोरही असावीत. त्यांचा खर्च प्रकल्पाच्या निधीतून न करता संस्थेच्या नियमित अंदाजपत्रकातून व्हावा. प्रकल्प संपला की मालिका तुटते, आणि तुटलेली मालिका नंतर कितीही पैसे ओतले तरी भरून निघत नाही. खोल पाण्यासाठी जैवरासायनिक आर्गो फ्लोट वाढवावेत. हे फ्लोट साधारण दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत बुडी मारून वर येतात आणि ऑक्सिजन, नायट्रेट, सामू, क्लोरोफिल, तरंगणारे कण व प्रकाश या सहा गोष्टी मोजतात. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असताना जहाजे कमी निघतात आणि नेमकी तेव्हाच समुद्रात सर्वाधिक उलथापालथ चालू असते. फ्लोट पावसाळ्याची सुट्टी घेत नाहीत.

मागणी ३. जुन्या नोंदींची सुटका. आंतरराष्ट्रीय हिंद महासागर मोहीम १९६५ मध्ये संपली आणि तिच्यातूनच १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था जन्मली. १९९० च्या दशकात ‘सागर कन्या’ या जहाजावरून अरबी समुद्राच्या कार्बनचक्राचा अभ्यास झाला. मध्य आणि पूर्व अरबी समुद्र वर्षभराच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइड घेण्यापेक्षा हवेला देतो अधिक, हे त्यातून कळले. त्यानंतर या भागातली पृष्ठभागाच्या कार्बन डायऑक्साइडची खुली मोजमापे जागतिक संग्रहात विरळ झाली आहेत. गाळसापळे, जहाजवह्या, बाटल्यांचे तक्ते हे सारे संगणकावर आणून, दर्जा तपासून खुले करावे. हे काम स्वस्त आहे, आणि त्यासाठी हस्ताक्षर ओळखणारी निवृत्त मंडळी अजून आपल्यात आहेत.

मागणी ४. मॉडेलचे जाहीर प्रगतिपुस्तक. मॉडेलची नवी आवृत्ती आली की किमान चार प्रश्नांवर तिचा निकाल प्रसिद्ध व्हावा. ऑक्सिजनहीन पट्टा योग्य समुद्रात, योग्य खोलीवर पडतो का? अरबी समुद्र कार्बन देणारा दिसतो की घेणारा, आणि कोणत्या महिन्यात? मोसमी वाऱ्याबरोबर प्लवकांचे दोन बहर येतात का? कांदोळीच्या तळाशी सप्टेंबरमध्ये ऑक्सिजन संपतो का? नापास झाले तर तेही छापावे. नापास प्रश्न लपवला की पुढची आवृत्तीही त्याच प्रश्नावर नापास होते.

मागणी ५. संगणकवेळेत राखीव वाटा. पुण्यातील ‘प्रत्युष’ महासंगणकानंतर सप्टेंबर २०२४ मध्ये ११.७७ पेटाफ्लॉपचा ‘अर्क’ आला. तरीही जैवभूरसायनाला रांगेत शेवटची जागा मिळण्याची भीती आहे, आणि तिचे कारण तांत्रिक आहे. समुद्राच्या भौतिकशास्त्राला तापमान आणि क्षारता ही दोन परिमाणे वाहून न्यावी लागतात. जैवभूरसायनाच्या एखाद्या सविस्तर मॉडेलात अशी तीस असतात, आणि ती प्रत्येक चौकोनात, प्रत्येक पावलावर हलवावी लागतात. शिवाय खोल समुद्राला एक फेरी पुरी करायला हजारेक वर्षे लागतात. म्हणून प्रयोग सुरू करण्यापूर्वी मॉडेल स्थिरावेपर्यंत चालवावे लागते. आंतरराष्ट्रीय नियमावली यासाठी किमान २,००० मॉडेल-वर्षांची शिफारस करते. उद्याच्या पावसाचा अंदाज महत्त्वाचा आहेच, त्याच्याशी आमची स्पर्धा नाही. पण वार्षिक संगणकवेळेचा ठरावीक वाटा या कामासाठी लेखी राखून ठेवावा.

मागणी ६. माणसांची मुदत. बाकीच्या सात मागण्या या मागणीवर उभ्या आहेत. आमच्यातल्या एका सहकाऱ्याने एका प्रकल्पात ऑक्सिजनच्या सूत्रातली एक चूक सात महिने शोधली आणि आठव्या महिन्यात पकडली. दुरुस्तीची चाचणी पूर्ण होण्याआधी त्याचा अकरा महिन्यांचा करार संपला. नव्या माणसाला ती फाइल सापडली, पण कारण सापडले नाही, आणि जुनी चूक पुन्हा चालू झाली. ज्या मॉडेलला स्थिरावण्यासाठी दोन हजार वर्षे चालवायचे, ते अकरा महिन्यांच्या माणसाच्या हाती द्यायचे, हा हिशेब कुठल्याच खतावणीत बसत नाही. म्हणून :

(अ) मॉडेल व मोजमाप या कामांवरील प्रकल्पपदांची मुदत किमान पाच वर्षे असावी;
(आ) कोड सांभाळणाऱ्या संगणक अभियंत्यांसाठी आणि सेन्सरचे अंशांकन करणाऱ्या तंत्रज्ञांसाठी स्वतंत्र, बढतीची वाट असलेला संवर्ग निर्माण व्हावा;
(इ) जहाजावरील दिवसांसाठी विमा आणि भत्ता सर्वांना सारखा मिळावा, मग ते कायम असोत वा कंत्राटी. लाट दोघांना वेगळी लागत नाही.

मागणी ७. किनाऱ्याच्या भाषेत सूचना. हैदराबादची भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा संस्था मासे मिळण्याच्या संभाव्य जागांच्या सूचना देते. त्या पृष्ठभागाचे तापमान आणि उपग्रहाने टिपलेले क्लोरोफिल यांवर आधारलेल्या असतात. उपग्रहाला वरचे पाणी दिसते, तळचा ऑक्सिजन दिसत नाही. बारीक जाळीचे मॉडेल तयार झाले की ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात तळच्या ऑक्सिजनची साप्ताहिक सूचना मराठी आणि कोंकणीत द्यावी. खोली मीटरबरोबर वावांतही सांगावी. अंदाजाची खात्री किती, हेही साध्या शब्दांत सांगावे. अंदाज एकदा चुकल्यावर तांडेल रागावतो, पण खोटी खात्री दिली तर तो पुन्हा विश्वास ठेवत नाही.

मागणी ८. उत्सर्जनावर चालणारे प्रयोग, आणि समुद्री कार्बन-व्यापाराआधी तपासणी. हवेतल्या वायूचे प्रमाण बाहेरून ठरवून देण्याऐवजी उत्सर्जन देऊन मॉडेललाच प्रमाण काढू द्यावे, असे प्रयोग आपल्या मॉडेलने नियमित करावेत. २०७० च्या वचनासाठी तेच उपयोगाचे आहेत. दुसरे, समुद्रात खनिजे किंवा लोह टाकून कार्बन ‘पुरण्याच्या’ योजना पुढे येत आहेत. या बाबतीत आपल्याकडे अनुभव आहे. २००९ मध्ये भारत आणि जर्मनी यांनी मिळून दक्षिण महासागरात सुमारे ३०० चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात लोह सोडले. प्रयोगाचे नावच ‘लोहाफेक्स’ होते. प्लवक वाढले, पण त्या पाण्यात सिलिकेट कमी असल्याने कवचवाले डायटम वाढले नाहीत. जे वाढले ते बरेचसे खाल्ले गेले, आणि खोलवर फार थोडा कार्बन गेला. म्हणून भारताच्या सागरी हद्दीत अशा कोणत्याही योजनेला, तिच्या कार्बन-पतपत्रांसह, स्वतंत्र मॉडेल-तपासणी आणि मोजमापांशिवाय परवानगी देऊ नये.

भाग ४ : आम्ही काय मागत नाही, आणि काय देऊ

आम्ही नवी इमारत मागत नाही, नवी संस्था मागत नाही. दोना पावला, पुणे, हैदराबाद, कोची येथे काम होतच आहे. ते एका धाग्यात ओवावे, एवढेच मागणे आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२१ मध्ये ४,०७७ कोटी रुपयांची ‘डीप ओशन मिशन’ योजना मंजूर केली. समुद्र व हवामान-सल्ला सेवा हा तिच्या घटकांपैकी एक आहे. आमच्या मागण्या त्या चौकटीत आणि तिच्या पुढच्या टप्प्यात बसवता येतील, असे आम्हाला वाटते.

आमच्या बाजूने आम्ही तीन गोष्टी देऊ. जुन्या नोंदी संगणकावर आणण्यासाठी सभासद ठरावीक तास विनामूल्य देतील. प्रगतिपुस्तकाच्या कसोट्यांचा कोड आम्ही लिहून खुला ठेवू. आणि सूचनांची भाषा ठरवताना मच्छीमार सहकारी संस्थांबरोबर बसून ती बंदराबंदरांवर तपासून घेऊ.

कालमर्यादा आम्ही अशी सुचवतो : मागणी ३ आणि ४ सहा महिन्यांत सुरू व्हाव्यात, कारण त्यांना पैशापेक्षा निर्णय लागतो. मागणी ६ पुढच्या अर्थसंकल्पाआधी मान्य व्हावी. १, २ आणि ५ एका वर्षात मार्गी लागाव्यात. ७ आणि ८ तीन वर्षांत प्रत्यक्ष वापरात याव्यात.

या मागणीपत्रावर चर्चेसाठी आम्हाला येत्या ३१ जुलैपूर्वी भेट द्यावी, ही विनंती. १ ऑगस्टला होड्या सुटतील आणि कांदोळीच्या तळाशी ऑक्सिजन पुन्हा संपत आलेला असेल. तो मोजायला आमच्यापैकी कोणीतरी त्या दिवशी पाण्यावर असेलच. पुढच्या वर्षीही तोच माणूस, तीच बाटली घेऊन, त्याच जागी असावा.

आपले विश्वासू,
अध्यक्ष, सचिव व कार्यकारिणी सदस्य
(सर्वसाधारण सभेच्या ठरावानुसार)